एकही चूक नसलेला माणूस

काल सकाळी मी बेडरूमची खिडकी उघडली. यात काय एवढं, असं वसईत राहणारी माझी बहीण म्हणेल. पण इथे शारजात एप्रिलपासून बंद असलेली खिडकी उघडणं म्हणजे सणच. एसी बंद केला तसं घर एकदम गप्प झालं. इतके महिने तो डोक्याशी घरघरत होता, हे तो थांबला तेव्हा कळलं. खालच्या मलबारी हॉटेलातून कांदा परतल्याचा वास आला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी उशा उन्हात घातल्या होत्या. आणि वारा, खरंच सांगते, गार होता. नवरा चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, "खलास! गेला एकदाचा उन्हाळा." त्याला कोण आनंद झाला. मला मात्र ती खिडकी परत लावून टाकावीशी वाटली.

कारण गार वारा सुटला की इथे कार्यक्रमांचा मोसम सुरू होतो. गावाकडे जसे पावसानंतर बेडूक, तसे इथे थंडीबरोबर निवेदक, मान्यवर, सत्कारमूर्ती आणि प्रमुख पाहुणे बाहेर पडतात. फोन सकाळपासून टिंगटिंग करत असतो. अमुक मंडळाचा स्नेहमेळावा, तमुक ग्रुपची दिवाळी पहाट, ढमुक साहेबांचा अमृतमहोत्सव. सगळ्या आमंत्रणांवर तीच तोरणं, तेच हात जोडलेले फोटो. एके काळी मी या मोसमाची वाट बघायची. कपाटातून साड्या काढायची, ब्लाउज होतोय का बघायची, निवेदनाची तालीम आरशापुढे करायची. आता त्या तोरणाचं चित्र दिसलं तरी शिसारी येते. नवरा म्हणतो, "फ्लोरी, तुझं काहीतरीच. एका कार्यक्रमाचा राग सगळ्या गावावर कशाला?" त्याचं बरोबरही असेल. पण ओकारीला कुठे बरोबर-चूक कळतं?

त्या एका कार्यक्रमाचा मोसम मला आठवतो तो आधी वासानेच. पहाटेच्या धुक्याचा वास. इथे थंडीत धुकं पडतं हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. वाळवंटात कुठलं धुकं, म्हणतात. पण असं पडतं की पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसतात. शारजाहून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कपर्यंत रोज सकाळी तो लाल दिव्यांचा रस्ता, आणि त्यात आमची गाडी, म्हणजे मुनाफभाईंची. मी त्यांच्या गाडीतून लिफ्ट घेत असे. माझं ऑफिस आणि त्यांचं गोडाऊन एकाच रस्त्यावर, मधे फक्त एक सिमेंटच्या विटांचा कारखाना.

मुनाफभाई दापोलीकडचे. समुद्राकाठचं गाव, वाडवडिलांच्या होड्या होत्या. मराठी घेऊन बीए केलेलं, आणि आयुष्यभर केलं काय, तर बाथरूमच्या नळांचं परचेस. या विरोधाभासावर ते स्वतःच हसायचे. "फ्लोरीबाय, मर्ढेकरी कवितेपासून मिक्सर टॅपपर्यंत" असं काहीबाही म्हणून स्वतःलाच नावं ठेवायला लागायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, "जाऊ दे, कवितेला कशाला मधे घ्या." जीभ मात्र तिखट. आमचा दर महिन्याचा वाचनकट्टा होता, कुणाच्या तरी हॉलमधे बसून पोहे खात पुस्तकांवर बोलायचा. तिथे मुनाफभाई बोलायला लागले की नव्या कवींचे चेहरे पडायचे. वाईट पुस्तकाला ते वाईट म्हणायचे. एवढंच. पण एवढंच करणारा आमच्यात दुसरा कोणी नव्हता.

जॅममधे मी त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. ते गाडी चालवणार, मी वाचणार, आणि कागदी कपातला कडक चहा दोघांच्या मधल्या खाचेत. आमच्या ऑफिसातल्या फिलिपिनो पोरीला वाटायचं आम्ही प्रार्थना म्हणतोय. त्या थंडीत आम्ही जे पुस्तक वाचलं ते चीनच्या एका बड्या नेत्याचं चरित्र होतं. नेत्याचं नाव मी घेत नाही, घेऊन मला काय करायचंय? हयात आहे, खुर्चीवर आहे, एवढं पुरे. चरित्र लिहिलं होतं श्रीरंग भालेकर यांनी, म्हणजे आमच्या भालेकरशेठनी. म्हणजे मुनाफभाईंच्या मालकांनी.

भालेकरशेठ चीनहून नळ, शॉवर, टाइल्स आणून आखातभर विकतात. देवाच्या दयेने भरपूर विकतात. इथल्या प्रत्येक मराठी कार्यक्रमाच्या बॅनरवर खाली कोपऱ्यात त्यांचा हसरा फोटो असतो. पैसा झाला, बंगला झाला, पद्मश्रीचं काय ते अजून जमलं नाही, तेव्हा माणसाने पुस्तक लिहिलं. चीनमधल्या ज्या कंपनीकडून ते माल घ्यायचे तिथल्या लोकांना खूश करायचं हा हेतू तर उघडच होता. ते काही लपवतही नव्हते. "साहित्यसेवा पण होते आणि रिलेशन पण सुधारतात," असं त्यांनीच मला सांगितलं होतं. जाडजूड पुस्तक, गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. घरटी एक प्रत फुकट.

आता गंमत बघा. प्रती वाटल्या त्याच संध्याकाळी आमच्या ग्रुपवर अभिप्राय यायला लागले. अप्रतिम! हृदयस्पर्शी! प्रत्येक मराठी घरात असायलाच हवं! एका बाईंनी लिहिलं, शेवट वाचून डोळे पाणावले. अगं बाई, कशाने पाणावले? माणूस जिवंत आहे, शेवटच्या पानावर तो एका धरणाचं उद्घाटन करतोय! दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर पुस्तकावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं, वर पुदिन्याची जुडी ठेवली होती. पुदिना घेतला आणि आले.

आम्ही मात्र ते खरंच वाचलं. धुक्यात, इंच इंच सरकत, अख्खं. मी वाचत गेले आणि मुनाफभाई आधी हसले, मग गप्प झाले, मग चिडायला लागले. त्या पुस्तकात तो नेता लहानपणापासून महान होता. शाळेत महान, शेतात महान, आजारी पडला तरी महान. पूल उभा राहिला की साहेबांची दूरदृष्टी, पूल पडला की इंजिनियर नालायक. पीक आलं की साहेबांचं धोरण, पीक बुडालं की तालुक्याच्या अधिकाऱ्याने खोटे आकडे कळवले. ज्यांची तोंडं बंद झाली, जे घरातून उचलले गेले, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. मी एकदा वाचता वाचता जांभई दिली तर मुनाफभाई म्हणाले, "थांबू नको बाय. मला बघायचंय, हा माणूस कुठे तरी चुकतो का."

नाही चुकला. शेवटचं पान वाचलं तेव्हा आम्ही विटांच्या कारखान्यासमोर होतो. मुनाफभाईंनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "एवढ्या जाड पुस्तकात साहेबांची एकही चूक नाही. सगळ्या चुका हाताखालच्यांच्या. फ्लोरीबाय, चूक नाही तो माणूसच नाही. मग हे चरित्र कोणाचं?"

"बोला की हेच," मी म्हटलं. "प्रकाशनाला तुम्हालाच बोलायचंय ना पुस्तकावर."

कारण शेठनी फर्मान काढलं होतं. प्रकाशनाला समीक्षा मुनाफ करणार. ऑफिसातला माणूस, मराठीचा पदवीधर, आणि वर मुसलमान, म्हणजे कार्यक्रम सर्वसमावेशक दिसेल. हे शब्दही शेठचेच. मी ऐकलं तेव्हा कानशिलं तापली होती माझी.

मुनाफभाईंनी काचेवरचं धुकं पुसलं. मग म्हणाले, "रोज पोटापुरतं खोटं बोलतोच ना मी. माल निघालाय सांगतो, तो निघालेला नसतो. पण पुस्तकाबद्दल खोटं नाही बोलणार. तेवढं एक ठेवलंय स्वतःसाठी."

"आणि सना?"

सना त्यांची मुलगी, एकुलती. त्या वर्षी बारावीला होती. इथे बापाची नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हे. नोकरीवर व्हिसा, व्हिसावर घर, घरावर शाळा. एक वीट काढली की सगळं खाली येतं. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, आणि वर्षाच्या मधेच शाळा सोडून दापोलीला जायचं म्हणजे पोरीचं वर्ष गेलंच. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि शेठना तर सगळ्यात जास्त माहीत होतं.

"शेठ काय करणार?" मुनाफभाई म्हणाले. "चार लोकांत हसतील. इन्शाल्ला, निभेल."

प्रकाशन शारजातल्या एका शाळेच्या हॉलमधे होतं. संध्याकाळची वेळ, बाहेर मस्त हवा, आणि आत परफ्यूम, वेणी आणि बटाटेवड्यांचा असा काही वास कोंडला होता की आजही ते तिन्ही एकत्र आले की मला बाहेर पळावंसं वाटतं. स्टेजवर मधोमध त्या नेत्याचा भला मोठा फोटो, सोनेरी चौकटीत, सॅटिनचं कापड घातलेल्या टेबलावर. शेजारी बॅटरीवर चालणारी समई, कारण हॉलवाला आग पेटवू देत नाही. पहिल्या रांगेत चीनहून आलेले पाहुणे, माल पुरवणाऱ्या कंपनीचे. त्यांच्यात एक पिकल्या केसांचे गृहस्थ मुख्य होते. हसतमुख, हात मांडीवर ठेवून शाळेतल्या मुलासारखे ताठ बसलेले. मी निवेदिका. मोरपंखी साडी, हातात माइक.

माझ्या कागदावर दीपप्रज्वलन होतं आणि मग थेट प्रकाशन. पण शेठनी ऐन वेळी माझ्या हातातून माइक घेतला. "आधी प्रतिमापूजन!" आपल्याकडे असतंच की. फोटो आहे म्हणजे हार आला, हार आला म्हणजे कुंकू आलं. आजवर त्या टेबलावर जितके फोटो ठेवले होते ते सगळे गेलेल्या माणसांचे. हातांना सवयच ती. शेठनी पाकळ्यांनी भरलेल्या तबकातून हार उचलला. पांढराशुभ्र, मोगऱ्याचा, मनगटाएवढा जाड. "तीनशे दिरहमचा हार आहे, म्हणजे आपले सात हजार!" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, आणि दोन्ही हातांनी तो फोटोला घातला. वहिनींनी कुंकू लावलं. दोघांनी डोळे मिटून नमस्कार केला. टाळ्या झाल्या. शंभर फोन वर झाले, सगळ्यांनी व्हिडिओ काढला.

जिवंत माणसाच्या फोटोला हार! आमच्या वसईतसुद्धा, आम्ही ख्रिस्ती असलो तरी, जित्या माणसाच्या तसबिरीला कुणी हार घालणार नाही. आणि त्या पाहुण्यांकडे तर पांढरी फुलं मयतालाच. त्यांचे चेहरे मला स्टेजवरून दिसत होते. हसू पुसलं गेलं. दुभाषी मुलगी पिकल्या केसांच्या गृहस्थांच्या कानाशी वाकली, मग सगळेच एकमेकांच्या कानाशी वाकले. दोघं उठून उभे राहिले. त्यांच्या पंतप्रधानाची नव्हे, त्याहून मोठ्या माणसाची अंत्ययात्रा मांडली होती आम्ही, वर टाळ्याही वाजवल्या होत्या.

दुभाषी मुलीने शेठना बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं. शेठचा चेहरा कसा झाला ते मी फक्त एक हात अंतरावरून पाहिलं. आधी पांढरा, मग घामाने तुकतुकीत, आणि मग, हेच मला विसरता येत नाही, मग एकदम शांत. उत्तर सापडल्यावर माणूस होतो तसा. त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि इंग्रजीत म्हणाले, "व्हेरी व्हेरी सॉरी सर. माय स्टाफ, मिस्टर मुनाफ, ही डिड धिस मिस्टेक. फ्लॉवर्स ही अरेंज्ड. ही डझन्ट नो अवर कल्चर."

मुनाफभाई तिसऱ्या रांगेत बसले होते. बायको एका बाजूला, सना दुसऱ्या बाजूला. आयुष्यात त्यांनी कुठल्या फोटोला फूल वाहिलेलं नाही, त्यांच्यात ते चालत नाही, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि हार कोणी घातला हे तर दोन मिनिटांपूर्वी सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, खिशातल्या फोनमधे ते हलत-बोलत पडलं होतं. मी हॉलकडे बघितलं. एवढी माणसं! डॉक्टर, इंजिनियर, सीए, बँकेतले मॅनेजर. कोणी बुटाकडे बघतंय, कोणी साडीची निरी सारखी करतंय. आणि काही जण, देवाशपथ, काही जण मान वळवून मुनाफभाईंकडे बघून च् च् करत होते. पाहिलेलं विसरायला माणसाला किती वेळ लागतो? त्या हॉलमधे तेवढाही लागला नाही.

माझं डोकं फिरलं. मी शेठच्या हातातून माइक घेतला, ओढलाच म्हणा, आणि बोलले, "शेठ, हार तुम्ही घातलात. मुनाफभाई खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत."

शेठ खो खो हसले. "आमच्या फ्लोरीताईंचा विनोद!" आणि हॉल हसला. सुटका झाल्यासारखा हसला. शी! ते हसणं अजून माझ्या कानात आहे. मी पुढे बोलणार तेवढ्यात मुनाफभाई उठले. सनाने त्यांची बाही धरली, ती सोडवून ते स्टेजवर आले. माझ्या हातातून माइक हळूच काढून घेतला. पहिल्या रांगेकडे तोंड करून, हात जोडून, स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "ती चूक माझी होती, सर. मला माफ करा."

मग माइकवर हात ठेवून मला म्हणाले, "गप, फ्लोरीबाय. पोरीची बारावी आहे."

पाहुणे खाली बसले. हार निघाला. कुंकू ओल्या टिश्यूने पुसलं, फोटोच्या कपाळावर गुलाबी डाग राहिला. आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला, अगदी कागदावर होता तसा. पुस्तकाची रिबीन सुटली. भाषणं झाली. एकजण म्हणाले, हे पुस्तक म्हणजे सत्याचा दीपस्तंभ. मी कार्यक्रम सोडून गेले नाही, कारण समीक्षेसाठी मुनाफभाईंचं नाव पुकारायचं होतं आणि ते काम मला त्या सत्याच्या दीपस्तंभवाल्याच्या हाती द्यायचं नव्हतं.

मुनाफभाई पुन्हा स्टेजवर आले. पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "छपाई सुंदर आहे. कागद उत्तम आहे. बांधणी मजबूत आहे." आणि जागेवर जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट! शेठनी उठून टाळ्या वाजवल्या. मला रडू येत होतं, कारण मला एकटीलाच कळलं होतं. स्वतःबद्दल हवं तेवढं खोटं बोलून झालं होतं, पुस्तकाबद्दल मात्र ते खोटं बोलले नव्हते.

किळस या शब्दाचा मी पुष्कळ विचार केला आहे. राग आला तर माणूस भांडतो, दुःख झालं तर रडतो. किळस आली की काय करायचं? अंग चोरून घ्यायचं, बस. जेवणाच्या रांगेत उभी होते तर जो तो अंगावर येऊन बोलत होता. "मुनाफने मोठेपणा दाखवला हं." "शेवटी कम्युनिटीची इज्जत महत्त्वाची." "तुम्ही पण ना फ्लोरीताई, लगेच तापता." ताटातलं श्रीखंड माझ्या अंगठ्याला लागलं आणि मला ते धुवून टाकावंसं वाटलं. श्रीखंडाचा काय दोष! पण त्यांच्या बोलण्याचा चिकटा त्याच्यातही उतरल्यासारखा वाटला. घरी पोचायच्या आत ग्रुपवर मेसेज आला होता, हार घालतानाचे व्हिडिओ कृपया सर्वांनी डिलीट करावेत. आणि खाली एकामागोमाग एक अंगठे. डन. डन. डन.

पण त्या संध्याकाळचं खरं ते यापुढेच झालं. जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात मुनाफभाई, त्यांची बायको, सना आणि मी उभे होतो. सना फक्त एकदा म्हणाली, "अब्बा, व्हाय?" आणि त्यांनी तिच्या ताटात एक पुरी वाढली. तेवढ्यात ते पिकल्या केसांचे पाहुणे दुभाषी मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मला वाटलं, आता हा खडसावणार. पण तो माणूस मुनाफभाईंपुढे वाकला, चांगला कमरेत वाकला. मग हळू आवाजात, मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मी पाहिलं. तुम्ही बसलेले होतात."

मुनाफभाईंनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. बाकीचं त्या मुलीने सांगितलं. की त्यांच्यातल्या कुणीतरी फोटो काढलाय. तो वर जाणार. वरून विचारणा होईल, कोणी केलं. मालकाचं नाव कळवलं तर सगळा व्यवहार थांबेल, आणि अशा माणसाशी व्यवहार का ठेवला म्हणून यांनाही जाब द्यावा लागेल. तेव्हा तुम्ही पुढे आलात, फार उपकार झाले. "आमच्या ऑफिसातही असा एक माणूस असतो," ती मुलगी भाषांतर करताना म्हणाली, आणि मग खाली बघून स्वतःचंच म्हणून जोडलं, "नेहमीच असतो."

मग त्या गृहस्थांनी खिशातून पेन काढलं. अदबीने, अगदी मृदू आवाजात विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?"

आणि मुनाफभाईंनी सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. त्याला लिहिता यावं म्हणून सावकाश. मला त्या म्हाताऱ्याची किळस आली आणि कीवही आली. लिहिलेलं नाव त्याने दोनदा ताडून पाहिलं. एवढ्या जाड पुस्तकात जे आम्हाला सापडलं नव्हतं ते त्या एका पेनात होतं. सगळ्या चुका हाताखालच्यांच्या कशा होतात, हे आम्ही शेजारी उभं राहून, हातात श्रीखंडपुरीचं ताट धरून पाहिलं.

नाताळच्या आधी शेठनी मुनाफभाईंना केबिनमधे बोलावलं. चीनहून पत्र आलं होतं, संबंधितावर कारवाई केलीत का म्हणून. शेठना फार वाईट वाटलं, म्हणे. चहा मागवला. "मुनाफ, माझा नाइलाज आहे. नाव तुमचंच गेलंय. आणि माफी तर तुम्ही स्वतःच्या तोंडाने मागितलीत ना?" त्या माफीनेच नोकरी वाचेल म्हणून ती मागितली होती, आणि त्या माफीनेच नोकरी गेली. मुनाफभाईंनी हे मला जॅममधे सांगितलं, पुढच्या गाडीवरची नजर न काढता. धुकं नव्हतं त्या दिवशी. स्वच्छ ऊन होतं.

ते दोघं जानेवारीत गावी गेले. सना व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे राहिली आणि आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर बसून तिने बारावी केली. ही एक गोष्ट तेवढी आम्ही शेठना करू दिली नाही, तिचं वर्ष बुडवायची. रात्रंदिवस वाचायची पोर. मी कॉफी नेऊन दिली की "थँक्यू आंटी" म्हणायची, बाकी गप्प. एकदाच, परीक्षा संपल्यावर, बॅग भरताना म्हणाली, "आंटी, ही लाइड फॉर मी. नाऊ आय हॅव टु बी वर्थ इट. दॅट्स नॉट फेअर." सतरा वर्षांच्या पोरीवर हे ओझं कोणी टाकलं? मुनाफभाईंनी तर नाही. मी तिला जवळ घेतलं आणि मनात भालेकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तोही अस्सल वसईच्या भाषेत.

मुनाफभाईंशी फोनवर बोलणं होतं. बाजारात कोणती मासळी आली, आंब्याला मोहर कसा आहे, असलं सांगतात. सध्या काय वाचताय विचारलं की म्हणतात, "चष्म्याचा नंबर वाढलाय बाय." एवढे दिवस चष्मा बदलायला लागत नाहीत, हे मलाही कळतं.

वाचनकट्टा अजून भरतो. मी जात नाही. सकाळी कंपनीच्या बसने जाते, कानात काही न घालता. परवा विटांच्या कारखान्यासमोर बस अडकली आणि मला एकदम कडक चहाची इतकी तल्लफ आली की डोळ्यांत पाणी आलं.

तर काल खिडकी उघडली, आणि दुपारी फोन आला. भालेकरशेठ. आवाज तसाच, लोणी लावलेला. "फ्लोरीताई! कुठे असता? या सीझनला आपला दुसरा ग्रंथ येतोय. या वेळी आत्मचरित्र! म्हटलं निवेदन आपल्या फ्लोरीताईच करणार."

त्यांना वाटलं मी भारावले.

"आणि समीक्षेला कोण घ्यावं सुचवा ना," ते म्हणाले. "मुनाफ असता तर प्रश्नच नव्हता. काय सुंदर बोलला होता मागच्या वेळी! थोडक्यात, पण मोजून. कामाचा माणूस होता हो. असे कुठे टिकतात आजकाल."

मला वाटलं मी ओरडेन. पण आवाज निघाला तो अगदी निवेदिकेचा, गोड आणि स्पष्ट.

"येते की, शेठ. स्टेजवर मोठा फोटो तेवढा ठेवा, तुमचा. हार मी आणते. पांढरा."

"हा हा! फ्लोरीताई, तुमचा विनोद म्हणजे..." शेठ हसायला लागले, आणि हसता हसता मधेच थांबले.